फितीच्या आत

कादर शेख हा मिरजगावातला लग्नाचा फोटोग्राफर. हळद, साखरपुडा, बारसं असं त्याचं बरं चाललं होतं. पण त्याचा खरा जीव पळणाऱ्या वस्तूंत. लग्नसराई ओसरली की तो हायवेच्या कडेला जाऊन उभा राही आणि सोलापूरकडून येणाऱ्या एसट्यांचे फोटो काढी. गाडी लांब असतानाच कॅमेरा तिच्यावर धरायचा, ती जवळ येईल तसं कंबरेतून वळत राहायचं आणि ऐन समोर आली की बटण दाबायचं. जमलं तर गाडी लख्ख उमटते अन् मागची घरंझाडं पुसल्यासारखी वाहून जातात. पहिल्या वर्षी शंभरातले दोन जमायचे. टपरीवर बसलेली मंडळी म्हणायची, "कादरभाईला एस्टी चावली."

मग गावाबाहेरच्या माळावर बाईकच्या शर्यती सुरू झाल्या. कल्याण नावाचा गॅरेजवाला होता, त्याने चार मित्र जमवून मंडळ काढलं, जेसीबीने मातीचे उंच ढिगारे घातले, वळणं खणली आणि आजूबाजूच्या तालुक्यांतल्या पोरांना बोलावलं. मोटोक्रॉस. पोरं ढिगाऱ्यावरून गाडीसकट दोन पुरुष उंच उडायची आणि पलीकडे आपटून तशीच पुढे जायची. पहिल्याच दिवशी कादर घरी आला तो डोळ्यांच्या कडा लाल, दातांत माती आणि चेहरा ईदच्या चंद्रासारखा.

त्या शर्यतींत त्याचं नाव झालं. कुठल्या ढिगाऱ्यावर ऊन कधी येतं, कोणता पोरगा उडताना गुडघे आवळतो, कोण हवेतच पुढच्या वळणाकडे बघतो, हे त्याला पाठ झालं. पोरं शर्यतीच्या निकालाआधी विचारायची, "भाई, उडी घावली का?"

त्यातला हर्षल त्याचा आवडता. बावीस वर्षांचा, गोरक्षनाथ आणि विजयमालाचा धाकटा. बाप दुधाचा टेम्पो चालवायचा. हर्षल बोलायला लाजरा, पण गाडीवर बसला की वेगळाच. हवेत गेल्यावर त्याचं शरीर सैल पडायचं, पाण्यातल्या माशासारखं. फोटोला असा माणूस दैवाने मिळतो.

गेल्या फेब्रुवारीतली शर्यत. शर्यत सुटायला अजून अवकाश होता, तेव्हा कल्याण त्याच्याजवळ आला.

"कादरभाई, पुढच्या वर्षीच्या बॅनरला जबरा फोटो पायजे. खालून काढ. गाडी डोक्यावरून गेल्यासारखी दिसली पायजे."

"खालून काढायचा तर फितीच्या आत जावं लागंल."

"मग जा की. तुला कोण आडवतंय?"

ट्रॅकच्या दोन्ही अंगांना लाल-पांढरी फीत बांधलेली होती. तिच्या आत कुणी जायचं नाही, हा नियम कादर इतरांना ओरडून सांगायचा. त्या दिवशी तो तिच्याखालून वाकून आत गेला. मोठ्या ढिगाऱ्याच्या पलीकडे, गाड्या जिथे उतरतात त्याच्या डावीकडे तो मातीत पालथा झोपला. गाड्या मधोमध उतरत होत्या. दोन फेऱ्या तशाच गेल्या. अंगावर ढेकळं उडत होती, पण कॅमेऱ्यात जे दिसत होतं ते पाहून त्याला हसू येत होतं.

तिसऱ्या फेरीला हर्षल आणि दुसरा एक पोरगा बरोबरीने आले. त्याला मागे टाकायला हर्षलने ढिगारा डावीकडून घेतला. ढिगाऱ्याच्या अलीकडून पलीकडचं काही दिसत नसतं. दिसतं ते हवेत गेल्यावरच.

कादरचं बोट बटणावर होतं. हर्षल वर आला, आभाळात गेला, आणि मग गाडी एकदम आडवी झाली. आपटल्याचा आवाज ट्रॅकच्या उजव्या अंगाने आला. कादर धुळीतून उठून धावला तेव्हा हर्षल वळणासाठी खणलेल्या चरात पडला होता, हँडल छातीत शिरलेलं. नगरला नेतानेता वाटेतच संपला.

घरी येऊन कादरने दार लावून घेतलं आणि फोटो संगणकावर टाकले. एका उडीचे अकरा फोटो होते. पहिल्या सहात हर्षल समोर बघत होता. चष्मा धुळीने माखला म्हणून त्याने तो आधीच्या फेरीत काढून फेकला होता, त्यामुळे डोळे स्वच्छ दिसत होते. सातव्यात ते डोळे खाली, सरळ भिंगात. आठव्यात हँडल उजवीकडे वळलेलं. नवव्यात गाडी कलंडलेली. शेवटच्या दोनात नुसती धूळ.

कादर बराच वेळ सातव्या फोटोपाशी बसून राहिला.

कुणी काही विचारलं नाही. धुळीत कोण कुठे होतं ते कुणी पाहिलंच नव्हतं. पोलिसांनी ताबा सुटून अपघात असं लिहून घेतलं. दोन दिवसांनी कल्याण कादरच्या दुकानात आला, बसलाही नाही.

"फोटो हायेत?"

"हायेत."

"उडवून टाक. तुझं बी बरं, आमचं बी बरं."

आणि त्याच आठवड्यात गावात कुजबुज सुरू झाली की पोरगं पिऊन गाडीवर बसलं होतं. कुठून उठली ते कळायला फार अक्कल नको होती.

सहाव्या दिवशी विजयमाला दुकानात आली. सोबत गोरक्षनाथ होता, पण तो दाराशीच चपलांकडे बघत उभा राहिला. दहाव्याच्या बॅनरला आणि घरात लावायला फोटो हवा होता. कादरने सुरुवातीच्या रेषेवरचा फोटो काढला. हेल्मेट हातात, केस विस्कटलेले, ओठ मिटून हसणारा हर्षल.

तिने पडद्याला बोट लावलं. "कादरभाई, नीट बघा. तुमी रोज मानसांची तोंडं बघता. हे डोळे पिलेल्याचे हायेत का?"

"नाहीत, ताई."

"आन् नंतरचे फोटो? त्यात बी असाच हाय का?"

कादरने माऊसवरचा हात काढला. "त्यात धूळ लई हाय," तो म्हणाला.

"मंग गावात कुनीतरी म्हना की, पोरगं पीत नव्हतं म्हून. मी म्हनले तर आई हाय म्हनत्यात."

त्या संध्याकाळी त्याने सुरय्याला, आपल्या बायकोला, सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. तिचे हात थांबले.

"अब बोलके क्या होनेवाला हाय?" ती म्हणाली. "मेलेला परत येनार नाही. आपल्याला दोन पोरी हायेत." थोड्या वेळाने तव्यावरची भाकरी करपली तरी ती तशीच बसली होती. मग खालच्या आवाजात म्हणाली, "त्याने तुमाला बघितलं, हे पक्कं हाय?"

"पक्कं."

तिने करपलेली भाकरी तव्यावरून उतरवली.

दहावा सीना नदीच्या काठी झाला. दोनेकशे माणूस. पिंडदान उरकलं, तसा माईक आला आणि श्रद्धांजलीची भाषणं सुरू झाली. सरपंच बोलले, शाळेतले गुरुजी बोलले. मग कल्याण उठला. उमदा खेळाडू गेला, मंडळ पोरकं झालं, असं बोलून झाल्यावर त्याने आवाज उतरवला. "आजच्या दिवशी तरुण पोरांना एवढंच सांगनं हाय. खेळा, पण नशापाण्यापासून लांब राहा."

बायकांच्या घोळक्यात विजयमाला मान खाली घालून बसली होती. ती तशीच राहिली. फक्त तिने पदर तोंडाशी घट्ट धरला.

कादर मागे, बाभळीखाली उभा होता. आपण कधी चालू लागलो ते त्याला नंतरही आठवलं नाही. त्याने कल्याणच्या हातातला माईक घेतला.

"हर्षल पिलेला नव्हता," तो म्हणाला. "ढिगाऱ्याच्या पलीकडे मी झोपलो होतो. फितीच्या आत. फोटोसाठी. तो माझ्या अंगावर उतरणार होता. त्याने मला बघितलं आन् हँडल फिरवलं. माझ्याकडं फोटो हायेत. त्याची चूक नव्हती. चूक माझी."

मग हर्षलचा मामा पुढे आला आणि त्याने कादरच्या कानाखाली ओढली. दुसरी मारली. कादरने हात वर केला नाही. तिसऱ्या वेळी गोरक्षनाथने मेव्हण्याचा दंड धरला. "पुरं. त्याला बोलू दी."

पण बोलली ती विजयमाला, बसल्या जागेवरून.

"त्यानं हांडल फिरवलं?"

"व्हय, ताई."

"तुला वाचवाया?"

"व्हय."

तिने शेजारच्या बायकांकडे वळून पाहिलं, एकेकीच्या तोंडाकडे. "ऐकलं का गं समद्यांनी? पिलेला नव्हता माझा." आणि दहा दिवस कोरडी राहिलेली ती बाई तिथे वाळूत कोसळून रडली. रडतारडता एकदाच कादरकडे बघून म्हणाली, "याला माझ्या म्होरनं न्या."

दुपारी कादर स्वतःच ठाण्यात गेला आणि कॅमेऱ्यातलं कार्ड टेबलावर ठेवलं. त्याच्यावर निष्काळजीपणाचा गुन्हा दाखल झाला. मंडळाने जबाब दिला की फोटोग्राफरला आत जायला आम्ही मनाई केली होती. कल्याण आपल्याला जा म्हणाला होता, हे कादरने सांगितलं, पण ऐकणारा तिसरा कुणी नव्हता. शिवाय जा म्हटलं तरी वाकून आत गेलो ते आपल्याच पायांनी, हे त्याला कुणी सांगायला नको होतं. महिन्या-दोन महिन्यांनी शवविच्छेदनातल्या तपासणीचा अहवाल आला. हर्षलच्या पोटात दारू नव्हती. तोवर गावाने तो विषय टाकलाही होता.

लग्नाची कामं एकेक करून सुटली. शुभकार्यात नको, असं कुणी तोंडावर म्हटलं नाही, फोन यायचे बंद झाले एवढंच. आता दुकानात दाखल्याचे आणि फॉर्मचे फोटो निघतात. समोर बसलेलं माणूस भिंगाकडे बघतं तेव्हा कादर बटण दाबून पटकन मान वळवतो. सुरय्या शेजारी शिलाई करते. थोरली पोर इन्शा विचारते, "अब्बा, एस्टीचे फोटो का काढत नाही?" तेव्हा सुरय्याच तिला गप्प करते.

तालुक्याला, कर्जतच्या कोर्टात तारखा पडतात. परवाच्या तारखेला व्हरांड्यातल्या बाकावर जागा नव्हती. एका टोकाला गोरक्षनाथ बसला होता, साक्षीला बोलावलेला. त्याने सरकून जागा केली. दोघे तासभर बसले. कोर्टातल्या पंख्याचा कचकच आवाज बाहेर येत होता.

"ती तुझं नाव घेत न्हाई," गोरक्षनाथ मध्येच म्हणाला.

"बरोबर हाय तिचं."

"मी बी घेत न्हाई घरात." तो हाताच्या नखातली घाण काढत राहिला. "ते फोटो. त्यात शेवटाला लई भ्यालेला दिसतोय का?"

कादरने विचार केला. खोटं बोलणं सोपं होतं, आणि खरं सांगणं त्याहून क्रूर होतं की नव्हतं हे त्याला ठरवता येईना.

"न्हाई," तो शेवटी म्हणाला. "भ्यालेला न्हाई. घाईत हाय."

गोरक्षनाथने मान हलवली. मग उठला, नळाकडे गेला, तोंडावर पाणी मारलं आणि परतला तो बाकावर न बसता खांबाला टेकून उभा राहिला. साडेचार वाजता शिपायाने येऊन सांगितलं की साहेब रजेवर आहेत, पुढची तारीख चोवीस जून.