पाच सालांची बाग, एका सालाचा प्रोफेसर

ज्यांच्यावर अन्याय झाला ते मुंबईच्या एका लॉ कॉलेजात हिंदू कायदा शिकवीत. घर रत्नागिरीस. अन्याय झाला १९३४च्या मे महिन्यात, पावसाळ्याआधीची शेवटची बोट सुटायच्या आदल्या संध्याकाळी, एका पडवीत, चहा पिता पिता. तिथे कुणीही आवाज चढवला नाही. म्हणून आता या पत्रकात मी चढवतो.

गावात त्यांना सगळे प्रोफेसर म्हणत. कॉलेजच्या कागदावर मात्र ते जूनपासून मार्चपर्यंतचे. मार्च संपला की नोकरी संपे, आणि जूनमध्ये कॉलेज चालवणाऱ्या कौन्सिलची मर्जी झाली तर पुन्हा सुरू होई. असं नऊ वर्षं चाललं होतं. मीही त्याच कॉलेजात तसल्याच मुदतीवर करारांचा कायदा शिकवीत होतो. पण माझं दुसरंच वर्ष, लग्न झालेलं नाही, आणि सुट्टीत मी खोतांविरुद्ध कुळांची पत्रकं लिहीत गावोगाव हिंडे. मला कुणी काढलं असतं तर मी आणखी एक पत्रक लिहिलं असतं. त्यांच्यामागे बायको होती, दोन मुली होत्या.

एप्रिल-मे ते कुणाचेच नोकर नसत. तरी केव्हाही घरी जावं तर हे मागल्या दारी जांभ्याच्या पायरीवर बसून वाटणीच्या दाव्यांचे नवे निकाल वाचताहेत. निकालांच्या रिपोर्टांचं गाठोडं बोटीतून स्वतः आणायचं, स्वतः परत न्यायचं. मी एकदा चिडून म्हटलं, "अहो, सुट्टीत तुम्ही त्यांचे लागता कोण?"

"जूनमध्ये पोरं नवा निकाल विचारतील," ते म्हणाले. "त्यांना काय सांगू, मे महिन्यात मी नव्हतो म्हणून?"

त्या वर्षी आमच्या गावातल्या हायस्कुलात इंग्रजीच्या शिक्षकाची जागा रिकामी झाली. कायमची जागा. हेडमास्तर सरळ माणूस. त्यांनी प्रोफेसरांना बोलावून सांगितलं, "जागा तुमची. पण शेवटच्या बोटीपर्यंत हो म्हणा. तुम्ही बोटीत बसलात की मी दुसरा माणूस घेणार. शाळा काही तुमच्यासाठी थांबायची नाही." यात त्यांची काही चूक नव्हती.

बोटीच्या आदल्या दिवशी मी गेलो तेव्हा माजघरात ट्रंका उघड्या पडल्या होत्या आणि प्रोफेसरांची बायको मध्ये उभी होती. ती नवऱ्याला म्हणाली, "सामान बांधू की सोडू, एवढंच सांगा. तुमचा हिंदू कायदा तुमचा तुम्ही बघा."

त्यांना शाळेत जायचं नव्हतं. कायदा शिकवणं सोडणं त्यांच्या जिवावर आलं होतं. यंदा नेमणूक होणार की नाही, एवढंच त्यांना आधी कळायला हवं होतं. कुणी स्पष्ट नाही म्हटलं असतं तर ते निमूट शाळेत गेले असते. म्हणून आम्ही दोघे भाऊसाहेबांकडे निघालो. भाऊसाहेब मुंबईचे मोठे वकील, कॉलेजच्या कौन्सिलवर त्यांचा शब्द चाले, आणि दर मे महिन्यात ते आंब्यासाठी गावी येत.

भाऊसाहेब पडवीत झोपाळ्यावर होते. समोर बाग खंडाने घेणारा आंब्याचा व्यापारी बसला होता. आमच्याकडे बघून त्यांनी हातानेच बसा म्हटलं, आत चहा सांगितला, आणि बोलणं पुढे चालू ठेवलं.

व्यापारी म्हणत होता, "भाऊसाहेब, एक साल द्या. मोहर बघून पुढचा बघू."

"एका सालाला मी बाग देत नाही," भाऊसाहेब म्हणाले. "पाच सालं घे, नाहीतर ऊठ."

"पाच सालं मला झेपायची नाय हो."

"मग ऊठ. अरे, एका सालाला घेतलंस तर तू झाडं ओरबाडणार. पावसाच्या तोंडावर आळी करून खत कोण घालणार, तुझा बाप? पुढच्या साली झाड दुसऱ्याचं, हे ठाऊक असलं की कोण मरायला खत घालतो?"

व्यापारी हसला. प्रोफेसरही हसले, कारण बोलणं खरं होतं. मला हसू आलं नाही. तो बाहेर पडल्यावर भाऊसाहेब आमच्याकडे वळले.

"बोला प्रोफेसर."

प्रोफेसरांनी शाळेची गोष्ट सांगितली. नेमणुकीचं काय ते कळलं तर बरं, असं इतक्या हळू म्हणाले की शेजारी बसून मलाही कान द्यावा लागला.

"ते जूनमध्ये ठरतं," भाऊसाहेब म्हणाले. "दर सालचं दर साली."

मी मध्ये पडलो. "भाऊसाहेब, झाडांना पाच सालं आणि माणसाला एक?"

"ये, ये, पत्रकवाले." ते जराही रागावले नाहीत. "तुझी पत्रकं येतात हो माझ्याकडे. आंब्याखाली घालायला बरा कागद असतो. हे बघ, झाड धरायला आठ वर्षं लागतात. वाळलं तर नुकसान माझं. मास्तर गेला तर दुसऱ्या दिवशी दुसरा मिळतो."

मग प्रोफेसरांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "तुम्ही याच्या नादाला लागू नका. जा तुम्ही उद्याच्या बोटीनं. मी आहे ना."

त्या तीन शब्दांवर प्रोफेसरांनी सामान बांधायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी पडावात बसून आम्ही बोटीपर्यंत गेलो. बायको-मुलींना दिवाळीनंतर न्यायचं ठरलं होतं. त्या बंदरावर उभ्या होत्या. हेडमास्तरांनी त्याच दुपारी दुसरा माणूस घेतला.

कॉलेज उघडलं त्या दिवशी भिंतीवर वेळापत्रक लागलं. हिंदू कायद्यासमोर एका नव्या बॅरिस्टराचं नाव होतं. प्रोफेसर बराच वेळ ते वाचत राहिले. रिपोर्टांचं गाठोडं पायाशी होतं. मी त्यांना ओढतच भाऊसाहेबांच्या चेंबरात घेऊन गेलो.

भाऊसाहेब म्हणाले, "मी बोललो होतो कौन्सिलमध्ये. बहुमत दुसरीकडे गेलं. आता पडवीत बोललेलं म्हणजे काय ठराव झाला? तुम्ही तर कायदा शिकवता."

प्रोफेसर "हो" म्हणाले आणि बाहेर आले. जिन्यात मला म्हणाले, "घरी तू काही लिहू नकोस. मी लिहीन." आज ते एका सॉलिसिटरच्या कचेरीत दुसऱ्यांच्या सहीचे अर्ज खरडतात. मुली आजोळी आहेत.

मला नेमणुकीचं पत्र आलं होतं. मी ते परत केलं. यात काही मोठेपणा नाही. मला विचारणारं घरी कोणी नव्हतं.

राहून राहून मनात येतं ते एवढंच. भाऊसाहेबांचा हिशेब झाडापुरता बरोबर होता. एका सालाचा माणूस खत घालत नाही. पण हा माणूस नऊ वर्षं घालत होता, आपल्या नसलेल्या झाडाला, मागल्या दारच्या पायरीवर बसून, ज्या महिन्यांत तो कुणाचाच नव्हता त्या महिन्यांत. आणि भाऊसाहेबांना ते ठाऊक होतं. मे महिन्यात एकाच गावात तर असायचे दोघे.

तुमच्यापैकी कित्येकांचे मुलगे यंदा वकिली शिकायला बोटीत बसतील. त्यांच्याबरोबर तुम्हीही जा. फी टेबलावर ठेवण्याआधी विचारा: "याला शिकवणारा माणूस पुढच्या जूनमध्ये इथे असेल का? लिहून द्या." "बघू," म्हणाले, तर पैसे खिशात घाला, मुलाचा हात धरा आणि उठा.