चिठ्ठी नसलेला नर

पालघरच्या कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवायचो आणि किड्यांतलं या भागात माझ्याइतकं कुणाला कळत नाही, अशी माझी पक्की समजूत होती. ऐंशीच्या आसपासची गोष्ट. मनोरपासून उमरोळीपर्यंतचे बांध मी पालथे घातले होते, पण नवी जात काही हाती लागली नाही. ती लागली सातपाटीच्या माझ्या जुन्या विद्यार्थिनीला, तीही घराच्या मागे. तिची आई बोंबील वाळवायची. तिथल्या कुजक्या मासळीच्या ढिगाखाली काळे, मुंगीएवढे भुंगेरे पळायचे. पंख आखूड, डिवचलं की शेपूट वर. मी एकदा नाकाला रुमाल लावून तिथून दहा मिनिटांत परतलो होतो. ती मात्र तिथंच बसून चित्रं काढत राहिली, ती तिनं मुंबईला पाठवली, आणि तिथल्या तज्ज्ञांनी कळवलं, जात नवी दिसते. माझ्या पोटात दुखायला लागलं.

अडचण एकच होती. नराच्या शेपटीकडचा भाग उकलून पाहिल्याशिवाय ही जात पक्की ठरत नाही, आणि तिच्याकडे सगळ्या माद्या.

"सर, नर गावत नाय," ती म्हणाली. "तुमच्या पेटीत हाय का बघा ना."

होता. त्याच दहा मिनिटांत पकडलेला, भलत्याच जातीच्या रांगेत सहा वर्षं पडलेला. नवी जात माझ्या कपाटात होती आणि मी मूर्ख ती ओळखू शकलो नव्हतो!

टाचणीवरच्या किड्याखाली एक चिठ्ठी असते: जागा, तारीख, पकडणाऱ्याचं नाव. ती नसली तर किड्याला शास्त्रात काडीची किंमत नाही. मी चिमट्यानं ती काढली आणि फाडली. नर नाहीच म्हणून सांगता आलं असतं, पण मला मदत केल्याचं श्रेयही हवं होतं.

"घे. कुठं सापडला ते आठवत नाही गं."

ती टाचणीकडे बघत राहिली. वाटलं, पकडलं हिनं.

"ऱ्हाऊ द्या सर. तुमी तरी किती ध्यानात ठेवणार?"

मला तिचाच राग आला.

नर शोधण्यात तिची दोन वर्षं गेली. तेवढ्या काळात दुसऱ्या कुणी या जातीचं वर्णन आधी छापलं असतं तर तिची सगळी मेहनत पाण्यात. मी ग्रंथालयात येणारं प्रत्येक नियतकालिक त्याच आशेनं उघडायचो.

कुणी छापलं नाही. तिला नर सापडला आणि तज्ज्ञांच्या आधी ती तो मला दाखवायला घेऊन आली. मी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि बराच वेळ मान वर केली नाही. लाज वाटत होती, हे खरं. पण त्याहून जास्त, अजूनही, हेवा वाटत होता.