गादीखालची फिल्म

सीटी स्कॅनची फिल्म दुमडू नये म्हणून आईनं ती बाबांच्या गादीखाली सपाट ठेवली आहे. बाबांच्या फुफ्फुसातली गाठ हरभऱ्याएवढी, लवकर सापडलेली. घरात सगळ्यांना तेवढाच आधार.

"पण तिच्या कडा काटेरी दिसताहेत," डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले होते. "अशी गाठ ऑपरेशननंतरही परत येऊ शकते."

कडांचं मी घरी बोललेलो नाही. माणसाचं पुढचं आयुष्य असं काळ्या-पांढऱ्या सावल्यांत आधीच उमटावं, आणि ज्याचं ते आहे त्यानं नकळत त्यावरच निजावं, हे बघवत नाही.

दुपारी बाबा कूस बदलताना मध्येच थांबले.

"हळू वळतो," ते म्हणाले. "खाली फिल्म आहे. तिला काही व्हायला नको."