यानातल्या कोंबड्या

माझ्या पहिल्या विज्ञान कादंबरीत माणसं कायमची दुसऱ्या ग्रहावर राहायला जातात आणि यानात कोंबड्याही नेतात. पुण्याच्या संपादकांनी नेमकी कोंबड्यांवर फुली मारली. "हसतील लोक. तुम्ही पाथर्डीच्या ना? मग ऊसतोडीवर लिहा, यानं कशाला?"

डोकंच फिरलं माझं. दिवाळी झाली की आम्ही ऊस तोडायला निघायचो, तेव्हा ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, सरपण, आम्ही भावंडं आणि डालग्यात आईच्या कोंबड्या असायच्या. घर सोडून परक्या मुलखात राहायला कसं जायचं, हे मला कुणी शिकवू नये.

मी म्हणाले, "कोंबड्या उतरल्या, तर मीही उतरते."

पुस्तक दुसरीकडून निघालं, कोंबड्यांसकट. पुढच्या कादंबरीतल्या यानात मी शेळीही चढवली.