मशीनला मावशी शिकवताना

रविवारी दुपारची जेवणं उरकली की आमच्याकडे पत्त्यांचा डाव, मेंढीकोट. एका बाजूला आई आणि मावशी, दुसऱ्या बाजूला बाबा आणि मी. मावशी दिंडोरीहून यायची; द्राक्षांची छाटणी चालू असली तरच तिचा रविवार बुडायचा. खेळ साधा होता. हुकूम ठरवायचा आणि चारांपैकी जास्तीत जास्त दश्श्या आपल्याकडे ओढायच्या. चारही एकाच बाजूला गेल्या की दुसऱ्या बाजूवर कोट. त्या दोघींनी आमच्यावर इतके कोट चढवले होते, की बाबांनी ते मनाला लावून घेणं सोडून दिलं होतं. मी मात्र चिडायचे. मी कॉलेजात कॉम्प्युटर शिकवते. मला हरण्याचंही कारण लागतं.

म्हणून मी खिडकीच्या गजाला मोबाईल बांधला आणि प्रत्येक हाताचा वरून फोटो घ्यायला लागले. मशीनला खेळ शिकवायचा आणि आपण कुठे चुकतो ते बघायचं, असं डोक्यात होतं. मावशी म्हणायची, "काढ गं फोटो, पण माझी साडी नको घेऊ, जुनी हाय." साडी येतच नव्हती. फोटोत फक्त टेबल आणि त्यावर पडलेली चार पानं; डाव संपल्यावर कोणाच्या हातात काय होतं ते त्यांवरूनच जुळवता यायचं.

गेल्या वर्षी मावशी गेली. अचानक. आईने पत्त्यांचा कॅट कपाटात टाकला. "तिच्या जागेवर कोणी बसायचं नाही," एवढंच म्हणाली. मग जेवण झालं की भिंतीकडे तोंड करून पडायला लागली, आधी रविवारी आणि नंतर रोजच. हाक मारली तर हूं म्हणायची. आता ही अशीच पडून राहणार, या विचाराने मी धास्तावले होते.

मशीन म्हणजे काही 'कोणी' नव्हे, असा सोयीचा अर्थ मी काढला.

छोटंसं न्यूरल नेटवर्क होतं, माझ्या जुन्या लॅपटॉपवर चालेल एवढं. त्याला मावशीच्या हातातली आणि तोवर खाली पडलेली पानं दाखवायची आणि विचारायचं, आता मावशी काय टाकेल? उत्तर चुकलं की आतले आकडे किंचित हलवायचे आणि पुन्हा विचारायचं, हजारो वेळा. सरावासाठी आधी बाबांचा खेळ शिकवला होता. त्यांचं पान ते सहज ओळखायचं. बाबा दुखावून म्हणाले, "म्हणजे मी मशीनसारखा खेळतो?" मावशी मात्र त्याला काही केल्या जमेना.

तरी आईला कसंबसं टेबलापर्यंत आणलं. मशीन टॅब्लेटवर सांगेल ते पान मी मावशीच्या जागी टाकत होते. त्याची पानं मला दिसत होती, पण बाबा म्हणाले, "दिसू दे, तुला दिसूनही उपयोग होत नाही." तिसऱ्या डावात आईचे बदाम संपले होते आणि हुकूम हातात तयार होता. मावशीने बदाम टाकून तिला हुकूम मारू दिला असता; मशीनने चौकट टाकली. आईने पानं खाली ठेवली. "ह्याला माझं काही कळत नाही गं," म्हणाली आणि आत जाऊन पडली.

मी रडकुंडीला येऊन पुन्हा लॅपटॉपपुढे बसले आणि घाईत चुकले. मावशीच्या पानांबरोबर आईच्या हातातली पानंही मशीनला दिली. चूक कळायच्या आत निकाल समोर आला. मशीन मावशीचं पान धडाधड ओळखत होतं! मग तीच चूक बाबांच्या बाबतीत मुद्दाम केली, माझी पानं दाखवून. काहीही फरक पडला नाही. माझ्या हातात काय आहे ते बाबांना कधीच कळलेलं नव्हतं. मावशीला आईच्या हातातलं कळत होतं.

मी आईच्या पलंगावर जाऊन बसले. "आई, तू आणि मावशी खुणा करत होतात?"

तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडतेय. ती हसत होती. मग मात्र रडलीही.

"कोणी सांगितलं?"

"मशीनने."

"मेलं!"

बाबा दारातच उभे होते. "तीस वर्षं? तीस वर्षं मला फसवलंत?"

"अहो, तुमचं सगळं लक्ष पत्त्यांत," आई डोळे पुसत म्हणाली. "एकदा जरी आमच्याकडे बघितलं असतंत तर कळलं असतं." बाबा तरातरा बाल्कनीत गेले आणि चहा होईपर्यंत तिथेच बसले.

पुढच्या रविवारी आईने मला स्वयंपाकघरात नेऊन दार लावलं. कान खाजवला म्हणजे बदाम संपले. पदर सावरला म्हणजे मोठा हुकूम आहे. चष्मा वर केला म्हणजे दश्शी टाक, हात मी घेते. मग तिने स्वतः कॅट काढला, टॅब्लेट उचलून बाबांच्या समोर ठेवला आणि आपल्या समोरची खुर्ची मला बोटाने दाखवली.

आयुष्यात पहिल्यांदा मी पानांकडे कमी आणि आईकडे जास्त बघत खेळले. केवढी वाळली होती ती! इतके महिने मी लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसले होते आणि हे मला दिसलंच नव्हतं. तिने चष्मा वर केला. मी दश्शी टाकली. चष्मा नुसताच घसरला होता. दश्शी मशीनने नेली आणि बाबांनी खुशीत टेबलावर मूठ आपटली.

आता आई उठून जाणार, असं मला वाटलं.

"तीही सुरुवातीला अशीच गोंधळायची," आई म्हणाली. कॅट कपाटात टाकल्यापासून मावशीविषयी आपणहून काढलेला तो पहिला शब्द. डाव संपला तशी तिने पानं गोळा केली आणि माझ्याकडे सरकवली. "पीस नीट."