मेस्त्रींची ऑइलची बाटली

इंजिनातून काढलेलं जुनं ऑइल मेस्त्री कधी लगेच फेकत नसत. पत्र्याच्या डब्यात ते जमा झालं की त्यात अंगठा आणि तर्जनी बुडवायचे, दोन बोटं एकमेकांवर घासायचे आणि उन्हाकडे धरून बघत राहायचे. नाडी बघणाऱ्या वैद्यासारखा चेहरा व्हायचा त्यांचा. पहिल्या खेपेला ते माझ्या बागेत आले तेव्हा असंच बघून म्हणाले, "सर, तुमचा गडी मशीन आडवं टाकतो. आणि हवेची जाळी साफ करत नाय. ह्यात माती लागते हाताला." शांताराम, म्हणजे आमचा गडी, शेजारीच उभा होता. तो नारळाच्या झावळ्या ओढायला निघून गेला, तेव्हा मला कळलं की दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

मेस्त्री गेले त्याला आता तीन महिने होतील. हे लिहायला मी तीनदा बसलो आणि तीनदा उठलो. चाळीस वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात काढलेल्या माणसाला चार पानं लिहिणं अवघड वाटू नये, पण वाटतं.

ते मांडवीचे. घरामागे पत्र्याची शेड होती, तिथे गवत कापायचे कटर, फवारणीचे पंप, पाण्याची लहान इंजिनं असं सगळं ओळीनं उभं असायचं. मोठ्या गाडीला ते हात लावत नसत. तरुणपणी आखातात एका कंपनीच्या वसाहतीत सतरा वर्षं होते आणि तिथे त्यांचं काम एकच, हिरवळ कापायच्या यंत्रांची देखभाल. "तिकडं वाळूत पाणी ओतून गवत वाढवायचे, मग ते कापायला आमाला विमानानं न्यायचे," ते सांगायचे. "आणि हितं फुकटचं गवत वाढतंय तर तुमी रडता."

ऑइल बदलण्याचा त्यांचा एक ठरलेला क्रम होता आणि त्यात घाई चालत नसे. आधी इंजिन पाच-सात मिनिटं चालवायचं. थंड ऑइल काढलं तर गाळ तळाशीच राहतो, म्हणून. मग टोपण काढून मशीन डब्यावर तिरकं करायचं आणि शेवटचा थेंब पडेपर्यंत वाट बघायची. मी एकदा म्हटलं, "मेस्त्री, उरलं थोडं तर काय बिघडलं?" ते म्हणाले, "तुमी पुस्तकाचं शेवटचं पान सोडता का?" काळंकुट्ट ऑइल निघालं की त्यांना बरं वाटायचं. ऑइल काळं झालं म्हणजे त्यानं काम केलं, घाण स्वतःत घेतली, असं त्यांचं म्हणणं. सहा महिन्यांनी गोरं ऑइल निघालं तर मात्र मालकाकडे संशयानं बघायचे.

त्या वेळात ते चहा घ्यायचे, पण तिथेच, इंजिनाजवळ. घरात या म्हटलं तर येत नसत. "उघडं इंजिन सोडून उठायचं नाय," एवढंच बोलायचे. मला वाटायचं, परक्या घरात यायला संकोचतात. कारण वेगळं होतं हे उशिरा कळलं.

दुसरी सवय बाटलीची. जुनं ऑइल काढण्याआधीच नवं मोजून खोकल्याच्या औषधाच्या एका लहान बाटलीत भरायचं आणि ती समोर उभी करायची. एका इंजिनाला एक बाटली. ही सवय आधी नव्हती, शेवटच्या तीन-चार वर्षांत आली. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "वय झालं, सर. डोक्यावर आता भरवसा ठेवत नाय. बाटली रिकामी म्हणजे काम झालं. बाटली भरलेली म्हणजे उठायचं नाय." हसत म्हणाले, पण डोळे हसत नव्हते. त्या सुमारास ते माझ्या बागेचं नाव विसरून दोन थांबे पुढे उतरले होते आणि कातळावरून उन्हात चालत आले होते.

गेल्या वर्षी गणपती झाल्यावर गवत कमरेएवढं वाढलं होतं. मेस्त्री आले. थकलेले दिसत होते. कटर सुरू करून गरम केला, ऑइल काढलं, आणि भुरभुर पाऊस लागला. त्यांनी मशीन पडवीच्या कडेला ओढलं, बाटलीत पाणी जाईल म्हणून ती पिशवीत ठेवली. मी म्हटलं, "आज आत याच. घावणे केलेत." ते नको म्हणाले. मी हात धरला. दहा वर्षांत पहिल्यांदा ते आत येऊन बसले, तीन घावणे खाल्ले, आखातातल्या एका साहेबाची नक्कल केली. आम्ही दोघेही खूप हसलो. मग एसटीची वेळ झाली. त्यांनी बाहेर येऊन टोपण घट्ट बसवलं, इंजिन फडक्यानं पुसलं, पिशवी उचलली आणि गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी शांतारामनं कटर सुरू केला. काही मिनिटांत तो किंचाळल्यासारखा आवाज करून बंद पडला. सुरू करायची दोरी ओढली तर हलेना. शांतारामनं टोपण काढून आत काडी घातली, ती कोरडी बाहेर आली. "सर," तो म्हणाला, "म्हाताऱ्यानं ऑइलच घातलंन नाय."

तासाभरातच मेस्त्री फाटकात उभे. हातात ती बाटली, गळ्यापर्यंत भरलेली. बसमधून उतरून धावत आले असावेत, नीट बोलता येत नव्हतं. "मशीन चालू केलात काय वो?"

मी म्हणालो, "केलं की. छान चाललंय."

"ऑइल?"

"घातलंत तुम्ही. माझ्या डोळ्यांसमोर घातलंत."

ते बाटलीकडे बघत राहिले. "मग ही भरलेली कशी?"

"दुसरी असेल. दोन भरल्या असतील तुम्ही."

"मी दोन भरत नाय, सर."

"भरली असेल एखाद वेळेस. एवढं काय त्यात."

मी हे का केलं? त्यांना वाईट वाटू नये म्हणून, असं मी स्वतःला सांगितलं. खरं तर त्या चेहऱ्यासमोर खरं बोलायचं बळ माझ्यात नव्हतं. मेस्त्रींनी मशीन बघायला मागितलं नाही. माझ्या शब्दावर शंका घेणं त्यांच्या रीतीत बसत नव्हतं. बाटली त्यांनी दोनदा वर-खाली करून पाहिली, पिशवीत ठेवली आणि पाणीही न पिता परत गेले.

त्यानंतर त्यांनी काम बंद केलं. बाजारात भाभी, त्यांच्या पत्नी, भेटल्या तेव्हा त्यांनी सांगितलं, "शेडला कुलूप लावलंनी. म्हणतात, बाटली भरलेली होती आणि ऑइल घातलेलं होतं. आता मी कशाला बघून काम करू?" मी पिशवीतल्या भाजीकडे बघत उभा राहिलो. डोकं दगा देतंय हे त्या माणसाला ठाऊक होतं, म्हणून त्यानं एक खूण उभी केली होती. ती खूण खरं बोलत होती, आणि मी तिला खोटं ठरवलं होतं. तिथल्या तिथे भाभींना सांगता आलं असतं. मी म्हणालो, येऊन जाईन एकदा.

जायला मला चार महिने लागले. जाम झालेला कटर रिक्षात घातला आणि मांडवीला गेलो. काय बोलायचं ते वाटेत मनात नीट लावून घेतलं होतं. मेस्त्री अंगणात खुर्चीवर बसले होते, बारीक झालेले. मला त्यांनी ओळखलं की नाही, कळलं नाही. "या, सर," म्हणाले खरे, पण ते कोणालाही म्हणत असावेत. मशीन मात्र त्यांनी ओळखलं. दोरी धरून हलकेच ओढली, पुन्हा ओढली, आणि खुर्चीत सरळ बसले. टोपण स्वतः उघडलं. आटे एकदाही चुकले नाहीत.

"हे बिनऑइलचं चालवलंय," ते म्हणाले. "कोणी केलंन हे?"

दारात उभ्या भाभी माझ्याकडे बघत होत्या. मनात लावून आणलेली वाक्यं सगळी होती, एकही हरवलं नव्हतं. त्या वाक्यांसाठी आता फार उशीर झाला होता.

"मी," मी म्हणालो.

"तुमी?" ते माझ्याकडे बघत राहिले आणि मग सुरू झाले. एवढं शिकून काय उपयोग, इंजिन म्हणजे कपाट आहे काय, उघडं टाकून उठलातच कसे, कोण बोलवायला आलं होतं. मी खाली मान घालून ऐकत होतो. भाभी नंतर म्हणाल्या की एवढं सलग ते कित्येक दिवसांत बोलले नव्हते. दमल्यावर थांबले, टोपण परत बसवलं, आणि माझा पडलेला चेहरा बघून त्यांना दया आली असावी. गुडघ्यावर हात ठेवून मला म्हणाले,

"असूं दे. पण पुन्हा असं झालं तर लपवू नका. सरळ येऊन मला सांगायचं. मी काय तुमाला खातो?"