पार्वतम्मांचा डावा तळहात

अहमदपूरच्या आमच्या घरात सकाळी चहा उकळायचा, तेव्हा माझ्या सासूबाई पार्वतम्मा अंगणात येरझाऱ्या घालत डावी मूठ उघडू बघायच्या. त्यांना मी आत्या म्हणते. डबीत घालून गळ्यात बांधलेलं शिवाचं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेऊन पूजा झाल्याशिवाय त्या पाण्याचा घोटही घेत नाहीत.

चिकुनगुनिया होऊन वर्ष होत आलेलं. ताप तेव्हाच गेला, पण सकाळी बोटं आखडलेलीच. एकदा वाकड्या तळव्यावरून लिंग घरंगळलं. मांडीवर अडलं म्हणून बरं. तेव्हापासून तळवा सपाट झाल्याशिवाय आत्या गळ्यातली डबी उघडेनात.

"मूठ आवळून फिरायलीस. कुणाला मारायचं हाय का?" दुकानाला निघालेले सासरे विचारायचे.

"हाय की. समोरच उभे हायत."

लातूरच्या डॉक्टरांनी समजावलं होतं, की विषाणू गेला, पण त्याच्याशी लढायला उठलेली शरीराची फौज अजून सांध्यांतच लढते आहे. सूज उतरवायला सकाळच्या जेवणानंतर घ्यायची गोळी दिली होती. या खेपेला मी आत्यांसोबत गेले होते. त्यांची बोटं दाबून डॉक्टर म्हणाले, "फरक नाही. आता प्रतिकारशक्ती दाबणारं औषध सुरू करावं लागेल. मग साध्या सर्दीतापालाही जपायचं. गोळी चुकवत नाही ना?"

"न्हाई. सकाळचं जेवले की लगेच घेते."

मी लॅबमध्ये रक्त काढते. शेवटचं कधी खाल्लं, हे विचारायची सवय. घरून लवकर निघत असल्यानं त्यांचं जेवण मी कधी पाहिलंच नव्हतं.

"आत्या, सकाळचं म्हणजे किती वाजता?"

त्या खाली बघत म्हणाल्या, "हात उघडला की पूजा, मग जेवण. दुपार होती."

"तोवर उपाशी?"

"लिंग पुन्हा घरंगळलं तर, शिवकन्या?"

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. हात उघडायला गोळी हवी, गोळीआधी जेवण, जेवणाआधी पूजा आणि पूजेला उघडा हात. "गोळी रात्रीच्या जेवणानंतर घ्या," ते म्हणाले. "नव्या औषधाचं महिन्यानं बघू."

आठवडाभर येरझाऱ्या तशाच. मग एका सकाळी अंगण रिकामं दिसलं. आत्या पाटावर बसल्या होत्या. तळवा उघडला होता, करंगळी मात्र वाकडीच. लिंग ठेवलं, ते करंगळीकडे कललं आणि थांबलं. उजवा हात त्यांनी खाली ओंजळीसारखा धरून ठेवला, पूजा संपेपर्यंत.

"चहा टाकलास का न्हाई?" डबी मिटत त्या म्हणाल्या. "का उद्यापण अशीच बघत उभी राहणार हायस?"